व्हिएन्नाची मान

—नाही नाही, बसा मावशी, उठू नका, आत अजून मतदान चाललंय, संपलं की त्या दारातून सगळे बाहेर पडतीलच. पहाटेच्या बसने एवढ्या लांबून आलात, आता कसली घाई. कायदा होतोय हो. ही रुम्याना सांगतेय म्हटल्यावर झालाच समजा — चार वर्षं या संसदेच्या पायऱ्या झिजवल्यात मी, इथल्या पहारेकऱ्याला माझे गुडघे कधी दुखतात तेसुद्धा ठाऊक आहे. कुत्र्यामांजरांना विष घातलं तर तुरुंग, उपाशी मारलं तर तुरुंग, पिल्लं पोत्यात भरून नदीत टाकली तरी तुरुंग. सगळं आहे त्यात. म्हणजे, बहुतेक सगळं. काय? खायला बानित्सा आणलीत? घेते की, विचारताय काय — अहाहा, चीज घरच्या शेळीचं ना? सोफियात असली मिळत नाही हो, नुसतं पीठ चारतात मेले.

आणि ते पिशवीत लाल काय आहे? पट्टा? शारोसाठी? अहो मावशी, कशाला घेतलात. नाही, छान आहे, मऊ आहे, मी कुठे वाईट म्हणतेय — पण घ्यायच्या आधी मला एक फोन करायचात. माहितीये मला तुमचा शेजारी गेन्चो काय म्हणाला ते, तुम्हीच नाही का सांगितलंत सह्या घेऊन आलात तेव्हा — कायदा येऊ दे, त्याच दिवशी साखळी सोडतो, तोवर कुत्रंही माझं आणि साखळीही माझी. चार लोकांसमोर बोललाय म्हणजे शब्द पाळणार, हेही तुम्हीच म्हणालात. आणि मग तुम्ही त्याला नदीवर नेणार, पन्नास पावलांवरची नदी जन्मात बघितली नाही बिचाऱ्याने. विसरेन कशी? मी तर प्रत्येक भाषणात सांगायचे शारोची गोष्ट. खुंट्याभोवती फिरून फिरून त्याने जी गोल वाट पाडलीये तिच्यावर गवत उगवत नाही, एवढं सांगितलं की लोक चिडीचूप. तुमचं वाक्य ते. मी वापरलं, टाळ्या मी घेतल्या.

तर ते साखळीचं कलम — ऐका, शांतपणे ऐका — ते या वेळी नाहीये. गळलं. गेल्या आठवड्यात, समितीच्या बैठकीत. आणि चूक माझीच, मी कुठे नाकारतेय, सगळ्यांना सांगितलंय मी. मी अकरा वर्षं व्हिएन्नाला होते ना, म्हाताऱ्यांची सेवा करायला, तिकडे मानेचं सगळं उलटं. आपल्या देशात आपण हो म्हणायला मान आडवी हलवतो आणि नाही म्हणायला वरखाली, त्यांचं वरखाली म्हणजे हो. सुरुवातीला एका आजीने विचारलं, आज केस धुणार ना माझे? मी आपली आडवी मान हलवली, हो आजी, धुते की — ती बिचारी टॉवेल घेऊन बसलेली, रडायलाच लागली. मग शिकले हळूहळू. तर त्या दिवशी समितीचे अध्यक्ष, द्रागोस्तिनोव, त्यांनी विचारलं की साखळीचं कलम राहावं असा तुमच्या संघटनेचा आग्रह आहे ना? आणि माझी मान गेली वरखाली. व्हिएन्नाची मान. मला म्हणायचं होतं ‘हो’, त्यांनी अर्थ घेतला ‘नाही’, आग्रह नाही. लगेच पुढचा विषय. मी तोंड उघडेपर्यंत झालंसुद्धा. आमच्या पोरी मागेच बसलेल्या, बाहेर आल्यावर मला मिठ्या मारल्या त्यांनी, म्हणाल्या असू दे रुम्याना ताई, होतं असं. एक तर हसत होती.

परत येऊन किती वर्षं झाली? झाली असतील सहा. हो, सहा म्हणजे पुष्कळ झाली, पण सवयी राहतात हो अंगात. तुम्हाला पटत नाहीये का? न पटायला काय झालं, सगळ्यांना पटलं. आणि अध्यक्षांचंही बरोबरच होतं की — अर्ध्या खासदारांच्या गावच्या अंगणात एकेक कुत्रं बांधलेलं, ते कलम ठेवलं असतं तर अख्खा कायदा आपटला असता. मग चार वर्षांचं काय? विष घातलेल्या कुत्र्यांचं काय? त्यांनी मला आधीच समजावलं होतं कॉफी घेताना, चांगल्या शब्दांत, की तोंडाने काही बोलू नकोस, मागे तुझी माणसं असतील, नुसती मान हलव, पुढचं मी बघतो—

काय म्हणाले मी? काही नाही. कॉफीचं सांगत होते.

अशा बघू नका माझ्याकडे. नवं प्राणी मंडळ होणार आहे, त्यावर मला घेणार आहेत, तिथे बसून मी पुढच्या वेळी आणेन ते कलम, शपथेवर आणेन. पुढच्या वेळी म्हणजे — पुढच्या निवडणुकीनंतर. शारो म्हातारा झालाय, ठाऊक आहे मला. मागचे पाय ओढतो, तेही तुम्हीच सांगितलंत. रात्री डोळा लागत नाही माझा, सारखी ती गोल वाट दिसते, लाज वाटते हो मला स्वतःची, पण कोणाला सांगू? त्या पोरींना सांगू?

बानित्साचं काय मध्येच? तुम्ही विचारलंत घेणार का, मी म्हटलं घेते. मान? आडवीच हलवली असेल, आपल्यासारखी, मग कशी हलवणार — अं.

तेव्हा कुठे होती व्हिएन्नाची मान, असं म्हणायचंय तुम्हाला. विचारा ना स्पष्ट. मुद्दाम केलंस का, असं विचारा.

…नाही हो मावशी. नाही म्हणतेय ना तोंडाने. कानांवर विश्वास ठेवा की, मानेकडे काय बघताय? हललीच नाही ती. हलली? कशी, आडवी?

उचला ती पिशवी. पट्टा आत घाला नीट, बाहेर लोंबतोय. तुमची बस सुटेल.