कोपऱ्यातला अंगठा

अरे, आमच्या पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर तो लाकडी डेक आहे ना, बाबा गेल्यावर आईच म्हणाली, "त्याचा जुना रंग काढ, पॉलिश कर."

रंग बाबांनीच दिलेला. दर वेळी ओल्या रंगात अंगठा दाबायचे. आई ओरडली की म्हणायचे, "वाळला का बघत होतो गं."

कोपऱ्यातल्या फळीवर त्यांचा ठसा राहिला होता. रिमूव्हर लावून सगळा रंग खरवडला, त्यात तोही गेला. लाकूड मात्र लख्ख निघालं.

पॉलिशचा हात मारून होतोय तोच आई आली. वाकून तिने त्याच कोपऱ्यात अंगठा दाबला.

मी ओरडलो, "आई, ओलंय ते! वाट लावलीस!"

तिने अंगठा पुसलासुद्धा नाही. म्हणाली, "वाळलं का बघत होते रे."