सोमवारची माती

(१९९६चा भादवा. पाटोद्याजवळचं खासगी मातीचं तळं. बांधावर मालक सोमलिंग, त्याची म्हातारी आई शिवम्मा आणि बांधाखाली वस्ती करून राहणारा धनगर आसाराम.)

आसाराम : पाझर पहिल्यापसून हाय शेट, ते मलाबी ठावं हाय. पण पाणी नितळ यायचं. पंधरा दिसापसून चहावानी गढूळ यायलंय.

सोमलिंग : पावसाचं असंल.

आसाराम : पाऊस उघडून आठ दिस झाले. सून बाळंतीण हाय घरात, तिला घिऊन कुठं जाऊ? मोरी उघडा, तळं खाली करा.

सोमलिंग : तीन सालानं भरलंय, बाबा. ह्याच्या जिवावर मोसंबी लावलीय. काल हापिसात गेलतो. साहेब म्हणला, खासगी हाय, आमच्या यादीत न्हाई, तुमचं तुमी बघा. थकलो आता.

आसाराम : एक बोलू का? पाणी येतंय ते बरूबर आप्पाच्या समाधीखालून.

सोमलिंग : माझ्या बापाला मधी आणू नको.

आसाराम : बांध घालताना थराथरावरनं माझ्या बापाची मेंढरं फिरवली आप्पानं, माती घट बसावी म्हणून. पुढं कुणाला साधी खुटी ठोकू दिली न्हाई हितं. अन् दोन सालाखाली तुमी त्यास्नीच माती द्यायला ह्याच बांधात पुरुषभर खड्डा घेतला. वर नुसती माती लोटली.

सोमलिंग : शेवटची इच्छा होती त्यांची. अव्वा, सांग की ह्याला.

शिवम्मा : समाधी खचायलीय, सोमलिंग.

सोमलिंग : कवापसून?

शिवम्मा : तळं भरल्यापसून. सोमवारी बेल वाहायला येते, तर इतभर खाली गेलेली. घरामागची तांबडी माती आणून टाकते पाटीभर. पुढल्या सोमवारी पुन्हा तेच.

सोमलिंग : मला कावून सांगितलं न्हाई?

शिवम्मा : म्हणलं, माती हाय, बसतीच. जाती कुठं?

आसाराम : माझ्या दारात येती, काकू. तांबडा गाळ साचलाय. बांध तर सगळा काळ्या मातीचा. मी इचारच करायलोतो, ही कुठनं आली म्हणून.

शिवम्मा : मोरी उघड, सोमलिंग.

सोमलिंग : वरिसभराचं पाणी हाय, अव्वा. मोसंबी जळंल.

शिवम्मा : जळू दे. लेकरू हाय खाली.

आसाराम : दमादमानं सोडा, ओढ्याला झेपंल असं. खड्डा भरायला मी मेंढरं आणतो. चाळीसच उरलीत, पण फिरवू दोन दिस जास्ती.

सोमलिंग : अन् आप्पाला उकरायचं? त्यांचा शब्द मोडायचा?

शिवम्मा : त्यांनी काई सांगितलं नव्हतं. शेवटी बोलणंच गेलतं त्यांचं. मीच म्हणले तसं. दारातनं बांध दिसतो ना, म्हणून. लई एकटं वाटायचं रे मला.

सोमलिंग : आता कुठं न्यायचं?

शिवम्मा : मळ्यात, लिंबापाशी.

सोमलिंग : तिथलं काईच दिसत न्हाई दारातनं.

शिवम्मा : न्हाई दिसत. जाईन चालत, जमंल तवर.