भांडण मिटलं आणि आम्ही बुडालो!

…नाही, पण मी म्हणतो, दोन बायकांचं भांडण मिटलं तर माणसाला आनंद व्हायला हवा की नको? मला घाम फुटला! हसू नका, तुम्हाला सांगतो, ऑस्ट्रेलियातलं जिलाँगसारखं गाव, समोर समुद्र, सगळे मित्र लाटांवर, आणि मी चार वर्षं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या वर्गात चौकोन काढतोय. चौकोनातून बाण, बाणाच्या टोकाला आणखी चौकोन! मला वाटलेलं, पहिल्याच दिवशी धडाधड प्रोग्राम लिहायचे. कसलं काय! आमच्या मॅकार्डलबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "लॅचलन, आधी माणसांना काय हवंय ते विचार. प्रोग्राम नंतर!" दुसऱ्या वर्षी आराखडा, प्रोग्राम नंतर. तिसऱ्या वर्षी चाचणी… ज्या प्रोग्रामचा अजून पत्ता नाही त्याची चाचणी! मूल जन्माला यायच्या आधीच त्याची बारावीची परीक्षा?

शेवटच्या वर्षी मला आणि माझ्या वर्गातल्या तानेला खरंखुरं गिऱ्हाईक मिळालं, बायकांचा नेटबॉल क्लब. शनिवारी कॅन्टीनमध्ये सॉसेज कोणी भाजायचे आणि खेळणाऱ्या पोरींसाठी संत्री कोणी चिरायची, हे ठरवणारा प्रोग्राम हवा. का? तर कॅन्टीनवाली ग्लेनिस आणि प्रशिक्षक लोसाआंटी एकमेकींशी बोलतच नव्हत्या! ग्लेनिस म्हणे, "ती मला मुद्दाम तव्यापाशी उभी करते. कांद्याच्या धुरानं डोळे गेले माझे!" लोसाआंटी म्हणे, "अरे, ती तवा सोडेल तर ना! माझा जन्म चाललाय संत्री चिरण्यात!"

मी लगेच लिहायला बसलो, तर बाई हजर. "दोघींना एका टेबलाशी बसव. प्रोग्राम नंतर!"

बसवलं. दोघींचं म्हणणं मोठ्यानं वाचलं… आणि लोसाआंटी ताडकन उठली.

"ग्लेनिस, तुला तवा नकोय?"

"तुला हवाय?"

झालं! हसल्या काय, रडल्या काय, गळ्यात काय पडल्या! "थँक्यू रे पोरांनो, आता प्रोग्राम नको!"

ताने पांढराफटक. मी हात जोडले, "ग्लेनिस, आमचा निकाल लागेपर्यंत तरी भांडा ना!"

"वेडा आहेस का? घे, सॉसेज खा."

धावत बाईंकडे गेलो. बाईंचे डोळे भरून आले हो! "शाब्बास! जो प्रोग्राम लिहावाच लागत नाही, तो सगळ्यात उत्तम!"

"म्हणजे आम्ही पास?"

"छे! निम्मे गुण प्रोग्रामला आहेत. लिहा आता!"

लिहिला. काय करणार? ज्याची कुणालाच गरज नाही असा देखणा प्रोग्राम, जीव ओतून लिहिला. पहिला वर्ग मिळाला! बाईंनी शेरा दिलाय, 'वापरणाऱ्यांची एकही तक्रार नाही.'

येईल कुठून? वापरतंय कोण!