मागे केलेला तास

नोरीन : हा कागद चुकलाय, व्हर्जिल. मी घेणार नाही.

व्हर्जिल : अगं, वर्षभराच्या पगाराचा दाखला आहे तो. घे, घरी जा, कर भर आणि सरकारचे आभार मान. यंदा ओव्हरटाइमवर सूट आहे. आठवड्याला चाळीस तासांच्या वर काम केलं की दीडपट पगार मिळतो ना, त्यातला वरचा जो अर्धा, त्यावर कर नाही.

नोरीन : पाठ झालंय मला. सगळी बेकरी महिनाभर दुसरं काही बोलत नाहीये.

व्हर्जिल : सूट तुम्हाला आणि कागदांची कटकट मला. मी आठवड्याला ऐंशी तास राबतो, त्याला कुणी ओव्हरटाइम म्हणत नाही. मालकाने केलं की ते नुसतं काम!

नोरीन : रडून झालं? आता इथे बघ. नोव्हेंबरचा पहिला शनिवार. एक तास कमी आहे.

व्हर्जिल : हजेरीच्या कार्डावर आहे तेवढंच लिहिलंय. रात्री दहाला आलीस, सकाळी सहाला गेलीस. आठ तास.

नोरीन : नऊ. दर हिवाळ्यासारखी त्या रात्री घड्याळं तासभर मागे केली. दोन वाजले की पुन्हा एक. चर्चच्या न्याहारीचे रोल करत तो तास मी दोनदा उभी राहिले.

व्हर्जिल : बरं बाई, राहिलीस. हे घे चाळीस डॉलर. वरचे राहू देत.

नोरीन : खिशातले नकोत. लिहून हवेत.

व्हर्जिल : लिहिले तर कर किती वाचेल माहितीये? डॉलर, सव्वा डॉलर. त्यात काय तळ्याकाठी बंगला बांधणार आहेस?

नोरीन : तुझ्या बापाच्या हाताखाली मी भट्टी पेटवायला लागले तेव्हा तू दप्तर घेऊन इथून रोल पळवायचास. इतक्या वर्षांत एका तासासाठी कधी भांडले?

व्हर्जिल : नाही. म्हणून तर कळत नाही मला. एकतर तुझं काम अलीकडे... जाऊ दे.

नोरीन : बोल ना. अर्धं गिळू नकोस.

व्हर्जिल : पीठ फुगत नाही तुझं. गिऱ्हाईकं म्हणतात, खसखशीचे रोल दगड झालेत. मी यीस्ट बदललं, मैदा बदलला, तरी तेच. आणि तू हे एकाच हातात मोजा घालून मळतेस, ते काय नवीन?

नोरीन : त्याचंही सांगते. आधी तास लिही.

व्हर्जिल : तो तास नव्हता, नोरीन.

नोरीन : नव्हता? अख्ख्या देशाने घड्याळं मागे केली आणि तो तास नव्हता?

व्हर्जिल : मला ती रात्र उकरायची नाही. माझी बायको, वांडा, गेली त्या रात्री.

नोरीन : आणि गाव म्हणतं, मी घालवली.

व्हर्जिल : मी म्हणालो कधी तसं?

नोरीन : तू काहीच म्हणाला नाहीस. तेच लागतंय मला. तीन महिने भट्टीपाशी माझ्याकडे पाठ करून उभा राहतोस. बाहेर बायका मला बघून रस्ता ओलांडतात. 'वांडाला बिचारीला कशाची आठवण राहत नव्हती, पण हिचं डोकं तर ठिकाणावर होतं ना? दीडला ती बेकरीत आलेली, हिने तशीच थंडीत जाऊ दिली, आणि दोनला दहा कमी असताना ती पुलाखाली, पाण्यात.'

व्हर्जिल : पोलिसांनी तसंच लिहिलंय. दीडला आली हे तूच सांगितलंस. आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ पाणी शिरून बंद पडलं, ते दोनला दहा कमी असताना. त्यात मी काय करू?

नोरीन : कोणतं दीड, ते मला कुणी विचारलं नाही. आणि घड्याळाचं मला कळलं ते थेट दफनाच्या दिवशी. तोवर माझ्या तोंडचे शब्द कागदावर बसले होते.

व्हर्जिल : कोणतं दीड म्हणजे?

नोरीन : इथलं भिंतीवरचं घड्याळ मागे करायचं काम माझं. दोन वाजले. मी पिठाच्या पिंपावर चढले, काटा फिरवून एकवर आणला. खाली उतरले, रोलची एक खेप बाहेर काढली, आणि मग वांडा आली. काटा फिरवल्यानंतर, व्हर्जिल. दुसऱ्या दीडला.

व्हर्जिल : मग तर ती त्याच्याही नंतर...

नोरीन : थांब. तिचं घड्याळ कुणी मागे केलं होतं?

व्हर्जिल : झोपण्याआधी मी घरातली सगळी मागे केली होती.

नोरीन : तिच्या मनगटावरचंही?

व्हर्जिल : ते तिच्या आईचं. त्याला ती कुणाला हात लावू देत नसे. शेवटी शेवटी मला ओळखायची नाही, पण घड्याळाकडे हात नेला की चापट मारायची.

नोरीन : म्हणजे ते जुन्याच वेळेवर होतं.

व्हर्जिल : हो.

नोरीन : मग तूच बघ. तिचं घड्याळ पाण्यात बंद पडलं तेव्हा मी अजून पिंपावर चढायची होते. ती इथे आली ती त्याच्यानंतर. चांगल्या अर्ध्या तासाने.

व्हर्जिल : गप्प बस.

नोरीन : तीन महिने गप्पच बसले.

व्हर्जिल : ...भिजलेली होती?

नोरीन : ठणठणीत कोरडी. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि तिच्या केसांवर एक कण नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी तिला त्या स्टुलावर बसवली, भट्टीतला रोल हातात दिला. तिने खाल्ला नाही, नुसता धरून बसली. मला हसून म्हणाली, 'नोरीन, हा थंड आहे.' इतक्या दिवसांनी तिने मला नावाने हाक मारली! मी रोल घेतला, तर खरंच थंड. दगड झालेला. मग मी तिचा हात हातात घेतला, ऊब द्यायला. या हातात.

व्हर्जिल : आणि सोडून दिलीस तिला.

नोरीन : सोडली नाही रे. तुला फोन करायला मागे वळले, तेवढंच. तिकडे घंटा वाजत होती, तू उचलेनास. वळून बघते तो स्टूल रिकामा. दार आतून कडी लावलेलं, जसंच्या तसं. तिला आत घेतल्यावर मीच लावली होती ती कडी.

व्हर्जिल : फोन वाजला होता.

नोरीन : काय? पोलिसांना तर तू म्हणालास, वाजलाच नाही.

व्हर्जिल : खोटं सांगितलं. फोनने मला जाग आली. मी अंधारात हात लांब केला, तर शेजारून वांडा म्हणाली, 'राहू दे. मी आलेय.'

नोरीन : देवा!

व्हर्जिल : मला वाटलं, न्हाणीघरात जाऊन आली असेल. पांघरुणात शिरली, तिचे पाय माझ्या पोटरीला लागले. इतके गार, इतके गार, की मी ओरडलो तिच्यावर. 'पाय लांब घे' म्हणालो. ती सरकली. मी परत झोपलो, नोरीन. सकाळी तिची बाजू मोकळी होती आणि दारात पोलीस.

नोरीन : घंटा वाजत होती तेव्हा ती तुझ्याकडे होती?

व्हर्जिल : तू तिकडून फोन धरून होतीस तेव्हा. तुझ्या दीडचा आणि तिच्या घड्याळाचा मेळ पोलिसांनी घातला, आणि मी म्हटलं, चला, मला स्वप्न पडलं. तोच एक तास असेल, तर तेव्हा ती जिवंत, पुलाच्या वाटेवर; मग माझ्या शेजारचं ते स्वप्नच. तू आज दुसरा तास मागतेयस. तो लिहिला तर माझ्या शेजारी कोण झोपलं होतं?

नोरीन : स्वप्न होतं का ते तूच ठरव. हे बघ.

(ती उजव्या हातातला मोजा काढून हात पुढे करते.)

व्हर्जिल : काय करतेस?

नोरीन : धर. भीती वाटत असेल तरी धर. भट्टीत घालायचा तेवढा बाकी ठेवलाय, पण ऊब धरत नाही. याच्याखाली पीठ कसं फुगेल?

(व्हर्जिल तिचा हात धरतो.)

नोरीन : असेच होते का?

व्हर्जिल : असेच. अगदी असेच होते तिचे पाय.

नोरीन : मग तास होता.

व्हर्जिल : होता.

नोरीन : लिही.

व्हर्जिल : लिहितो. नऊ तास. दाखला नवा काढून देतो. आणि रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांगतो सगळ्यांना, वांडा तुझ्याकडे आली तेव्हा तिला वाचवण्यासारखं कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं.

नोरीन : वेड लागलं म्हणतील तुला.

व्हर्जिल : म्हणू देत. तुझ्याकडे पाठ करून उभा राहिलो, त्याची लाज वाटते मला. आणि एक सांगतो. येत्या नोव्हेंबरात त्या रात्रीची पाळी तू करायची नाहीस.

नोरीन : मग कोण करणार?

व्हर्जिल : मी.

नोरीन : मालकाला ओव्हरटाइम नसतो, व्हर्जिल.

व्हर्जिल : पैसे कुणाला हवेत? तेवढा एक तास मला दे.