तिच्या अक्षरातली तारीख

जबाब देणार: किचनमध्ये 'मिरची' म्हणून ओळख. वय २२. शिक्षण: कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले. धंदा: हॉटेलात स्वयंपाकी. राहणार: लाँड्रीच्या वरची खोली, मोठ्या बहिणीकडे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी चौदा महिने तिथे कामाला आहे. आमच्या विभागात कच्च्या समुद्री माशाची प्लेट बनते. ती बनवणारी मुलगी सकाळपासून तुमच्या ठाण्याबाहेरच्या बाकावर बसली आहे. मी तिचा मदतनीस. बाकी आमच्यात काही नाही.

रीत अशी की, मासा साफ करून सात दिवस उणे वीसवर ठेवायचा, म्हणजे आतले किडे मरतात. ठेवणाऱ्याने ट्रेवर चिकटपट्टी लावून हाताने तारीख घालायची. मग काप. ती सुरी एकाच ओढीत चालवते, दर कापाला पुसते. काप इतका पातळ की प्लेटची निळी रेघ खालून दिसते. वर तेल, चिमट्याने मीठ, लिंबाचे सहा थेंब. थेंब मोजताना तिचे ओठ हलतात. हे लिहायची गरज नाही, असे मी म्हणालो.

शुक्रवारी, दहा तारखेला, दुपारी सव्वा वाजता ही प्लेट एका निवृत्त शिक्षिकेला दिली. संध्याकाळी बाई दवाखान्यात. डॉक्टरांनी पोटातून जिवंत किडा काढला. ठपका मुलीवर आला.

माझा संशय सू-शेफवर, म्हणजे शेफच्या हाताखालच्या माणसावर आहे. तो सारखा तिच्या ओट्याशी घुटमळतो. त्या दिवशी अकरा वाजता तो फ्रीजरच्या खोलीत चार मिनिटे दार लावून होता. चार मिनिटे बर्फ कोणी बघत नाही. ट्रे काढताना ती म्हणाली, "पट्टीवरचं अक्षर माझं नाही." त्यावर तो म्हणाला, "तारीख आहे ना? मग काप. का आता माशाचा जन्मदाखला आणू?" मी म्हणालो, "तिच्याशी नीट बोला." तो म्हणाला, "मिरची, तू कांदा चीर."

साहेबांनी ट्रेवरची पट्टी दाखवून अक्षर ओळखतोस का, असे विचारले. मी पाणी मागितले. पाणी दिले.

अक्षर माझे आहे.

गुरुवारी दुपारी दोन ट्रेवरच्या तिच्या हातच्या पट्ट्या मी सोलून घेतल्या. एकीवर दोन तारीख होती, दुसरीवर आठ. जागी नव्या लिहून लावल्या. कुठली कुठे, याकडे लक्ष नव्हते. त्यांची अदलाबदल झाली. दोन दिवसांचा मासा आठ दिवसांचा झाला. तिने अक्षराचे विचारले तेव्हा मी कांदा चिरत होतो. बोललो असतो तर मूळ पट्टी कुठे आहे, हे सगळ्यांसमोर सांगावे लागले असते.

पट्ट्या कशाला घेतल्या, असे विचारले. चौदा महिन्यांत तिच्या हातचे लिहिलेले माझ्याकडे दुसरे काही नाही.

दोन्ही पट्ट्या मोबाईलच्या कव्हरमधून काढून जमा करत आहे. तिची चूक नाही. सू-शेफवरचा संशय मागे घेतो. चार मिनिटांचे मात्र विचारा त्याला.

पट्ट्या तिला दाखवणार का, असे मी विचारले. ओळख पटवायला दाखवाव्या लागतील, असे सांगण्यात आले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. मजकूर बरोबर आहे.