मार्लिसच्या मानेतला काळा डाग

...नाही, पण चित्र खोटं बोलतं हो! बावीस वर्षं मी दुसरं काय करतोय? एमआरआयच्या मशीनमध्ये माणसाचं रक्त कसं दिसेल, ते कॉम्प्युटरवर आधी वाहतं करून बघायचं, हीच माझी नोकरी. आणि तुम्हाला सांगतो, रक्त जोरात घुसळलं की चित्रात तिथं काळं पडतं, नस बंद झाल्यासारखी दिसते, आणि आत बघावं तर फारसं काही नसतं... आमच्या डलूथ शहरातल्या निम्म्या डॉक्टरांना हे मी शिकवलंय! आणि तो डॉक्टर हॉगन, माझ्याच बायकोच्या, मार्लिसच्या, मानेच्या चित्रावर पेन्सिल टेकवून मला सांगतो, "ऑर्विल, ऐंशी टक्के बंद आहे. ऑपरेशन करू, नाहीतर पक्षाघाताचा झटका येईल."

मी म्हटलं, चित्र खोटं बोलतं. भांडी विसळताना मार्लिसचा हात दोन मिनिटं लुळा पडला होता, बशी फुटली होती, तरी मी तेच. भीती वाटत होती मला, सरळ सांगतो... मानेवर सुरी म्हणजे काय!

मग तिची नस घेतली कॉम्प्युटरवर, चाळीसच टक्के अरुंद केली, रक्त सोडलं, आणि हुबेहूब तोच डाग! कागद घेऊन घरी पळालो. ती सूप ढवळत होती. बावीस वर्षं माझी ह्या कामाची बडबड ऐकलेली बाई ती, कागद बघून शांतपणे विचारते, "नस माझी, कबूल. ठोका कुणाचा घातलास?"

आता... आमच्या लॅबची रीत अशी, की हृदय रक्त कसं ढकलतं त्याचा आलेख एकदाच घेतला होता, माझा, मी सरोवराच्या काठानं रोज पाच मैल धावायचो तेव्हाचा, आणि तोच आजवर प्रत्येक पेशंटला लागतोय. कोण बदलत बसणार? तिचं हृदय बिचारं मवाळ. तिचा ठोका घातला. चाळीसला डाग नाही. साठला नाही. ऐंशीला पडला.

चित्र खरं बोलत होतं, तुम्हाला सांगतो. खोटा मी.

हॉगनला मीच फोन केला. ऑपरेशनचे ते तीन तास मी कसे काढले, ते विचारू नका. बरी आहे आता, टाके सुकलेत.

पण चर्चच्या प्रत्येक जेवणाला कॉलर बाजूला करून व्रण दाखवते आणि म्हणते, "एकतीस वर्षं संसार केला, तरी ह्याला वाटायचं, माझं हृदय ह्याच्याच चालीनं चालतं." सगळे हसतात. मी आपले बटाटे वाढून घेतो. आता कुठल्या तोंडानं म्हणू, चित्र खोटं बोलतं?