शेठनं घेतलेली परीक्षा

आमचे दालमिलवाले शेठ पोत्याच्या तळापर्यंत हात घातल्याबिगर कोनाची तूर घेत नाईत, हे तर तुमाले माहीतच हाय. त्यायच्यासाठी म्या इंटरनेटवर एक डेटावाली शोधली, कॉन्ट्रॅक्टवर. ती घरी बसूनच कम्प्युटरमंदी अख्खी मिल चालवून पाहणार, अन सीझनमंदी ट्रॅक्टरची रांग कुठं तुंबते ते आधीच सांगणार.

शेठ म्हणाले, "जे माणूस दिसत नाई, ते काम सोता करते का दुसऱ्याकून करून घेते, कोनं पाह्यलं?"

मंग परीक्षा म्हणून त्यायनं तिले गेल्या सीझनच्या आवकेची यादी धाडली. घरच्या लग्नासाठी मिल बंद होती, त्या दिवशी चाळीस ट्रॅक्टर आले असं मुद्दाम घुसवलं, सोता यादी पाहून खोट पकडते का म्हणून.

व्हिडिओ कॉलवर पोरगी पहिलंच बोलली, "शेठजी, या तारखेले तुमची मिल बंद होती."

शेठनं माह्यावर डोळे वटारले. "तूच सांगतलं ना इले?"

"मायची आन, नाई!"

"मंग तुले कसं समजलं वं बाई?"

"मी इथून जवळच्याच केनवडची. त्या दिवशी आमचा भरला ट्रॅक्टर तुमच्या फाटकावरून वापस आला. बंदचा निरोप कोनी देल्लाच नोता."

शेठनं फोनवर हात ठेवला. मंग हळूच मले म्हणाले, "घेऊन टाक इले. अन मिल बंद ठेवाची असली, त पहिले इच्या घरी फोन करजो."